पाचव्या दिवसाची वाटी

“मग तो वसा सुटला कधी?”

राजोपाध्येबाईंनी विचारलं ते मेथी निवडता निवडता. मान वर नाही, आवाजात राग नाही.

नीलांबरी हसायची थांबली. तीच तर आत्ता हसत हसत सांगत होती, की बाई, आठवतंय ना, तुम्ही आम्हाला वसा दिला होता…

न आठवायला काय झालं? तीस वर्षं होऊन गेली, तरी काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे होतं. कऱ्हाडचं कॉलेज. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. एम.एस्सी.ला जेमतेम सात जण. श्रावणातला पहिला सोमवार होता. रस्त्यानं बायका बेलफुलं घेऊन महादेवाला निघाल्या होत्या, आणि आत बाईंनी एकेकाच्या हातावर पळीभर पाणी घातलं. ताम्हन नव्हतं, म्हणून खाली काचेचं भांडं धरलं.

“म्हणा,” बाई म्हणाल्या होत्या, “सकाळी चहाच्या आधी मी माशांपुढे बसेन. हात पाठीमागे ठेवीन. काही करणार नाही. दिसेल ते पाहीन, आणि पाहिलं तेवढंच लिहीन.”

बाकीच्यांनी चाळीस दिवसांचा वसा घेतला. नीलांबरी पडली हट्टी. ओला हात तसाच धरून म्हणाली, “मी मासे हाताळेन तोवर.”

काय सकाळी होत्या त्या! खोलीला फॉर्मॅलिनचा वास. खिडकीत ओळीनं काचेच्या हंड्या. पहिला उजेड पाण्यात शिरला, की आतले पट्टेरी झेब्रामासे एकदम जागे व्हायचे, जसा देवळात घंटेबरोबर जागेपणा येतो तसे. एका स्टोव्हवर माशांचं पाणी कोमट व्हायचं, दुसऱ्यावर चहा उकळायचा. चहाचा वास सगळ्यांच्या नाकात, आणि बाई आपल्या निळ्या काठाच्या सुती साडीत दारापाशी उभ्या. दिगंबर नावाच्या एका मुलाला कळ निघायची नाही. तो गुपचूप बीकरमध्ये चहा ओतून घ्यायचा.

“दिगंबर,” बाई पाठमोऱ्याच म्हणायच्या, “त्या बीकरमध्ये काल काय होतं ते आठव, आणि मग पी.”

नीलांबरीला आत्ताही हसू आलं. पण बाई उत्तराची वाट पाहत होत्या.

“कधी सुटला ते नेमकं नाही सांगता यायचं, बाई. पुण्याला स्वतःची प्रयोगशाळा झाली. हाताखाली अकरा जण आले. मग बघायला माणसं ठेवली.”

“बघायला माणसं ठेवलीस.”

“हो ना. मला कुठला वेळ!”

“बरं…”

बाईंनी मेथीची काडी मोडली. 

वाईच्या वरच्या अंगाला, धोमला, कृष्णेच्या काठी देवळामागे बाईंच्या दोन खोल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून त्या इथेच. लग्न केलं नव्हतं. घरात एक तुळस, एक देव्हारा, आणि टेबलावर कॉलेजनं निरोपाला दिलेला, आरशाचा, जुना मायक्रोस्कोप. चातुर्मासात बाई एकदाच जेवत आणि सगळ्या गावाच्या पोरांना टाचणीच्या टोकाएवढं जग दाखवत.

नीलांबरी शुक्रवारी दुपारी आली होती, ती बाईंच्या पाया पडून संध्याकाळी परतण्यासाठी. सोमवारी दुपारी तिचा शोधनिबंध परदेशी जायचा होता. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘राजोपाध्येबाईंना’. ते दाखवायचं, शाबासकी घ्यायची आणि निघायचं.

आणि बाईंना जिवंत काही पाहायला आवडतं, म्हणून तिनं माशांची पिल्लंही आणली होती. दोन पेट्री डिश, काचेच्या उथळ वाट्या. पिल्लांना अठ्ठावीस अंशांची ऊब लागते, म्हणून पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये, कोमट फडक्यात गुंडाळून.

“पोळ्या आणल्यास की काय?” बाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. “अगं बाई… दोन दिवसांची दिसतात.”

“दोनच दिवसांची. एका वाटीतली साधी. दुसरीतली माझी.”

“माझी म्हणजे?”

नीलांबरी याच प्रश्नाची वाट पाहत होती. ती मांडी ठोकून बसली.

“हे बघा बाई. अंड्यात पिल्लू घडत असतं तेव्हा कोवळ्या पेशी वाढत असतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग एक प्रथिन येऊन पेशीला सांगतं, पुरे झालं वाढणं, आता तू नसपेशी हो. झाली, की मग ती कायमची नसपेशी. पुन्हा तिच्या दोन होत नाहीत.”

“हं.”

“आता आमचं एन्झाइम काय करतं? त्या प्रथिनाला एक बारीकशी खूण चिकटवतं. खूण लागली, की पेशी त्या प्रथिनाला मोडीत काढते.”

“म्हणजे हळदीकुंकवाला आलेली बाई,” बाई म्हणाल्या. “कुंकू लागलं, की उठली.”

नीलांबरीनं टाळी वाजवली. “अगदी तस्सं! इतक्या सभांमध्ये बोलले, मला हे कधी सुचलं नाही.”

“तू कुठे कुणाकडे हळदीकुंकवाला जातेस!… आणि कुंकू लावणारी?”

“ती तिथेच. तिला काही होत नाही. पुढचीला लावायला मोकळी.”

“आणि तू काय केलंस?”

“मी ते एन्झाइमच बंद केलं. ज्या जनुकापासून ते बनतं, तेच.”

“घरच्या बाईलाच घालवलंस.”

“हो! आणि बघा तरी काय झालं.”

तिनं लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके चमकत होते. साध्या पिल्लात विरळ. तिच्या पिल्लात दाट, जसं आकाश कार्तिकात दिसतं तसं. दुसऱ्याच दिवशी दीडपट नसपेशी.

“हे एन्झाइम म्हणजे ब्रेक आहे, बाई. ब्रेक काढला, की मेंदू लवकर घडतो. आणि मणका असलेल्या सगळ्या प्राण्यांत ते थोड्याफार फरकानं असतंच. माणसातसुद्धा. वर्तमानपत्रात आलं होतं, वाचलंत ना? ‘मेंदूचा ब्रेक सापडला.’”

“छान रोषणाई आहे,” बाई म्हणाल्या. “ही दुसऱ्या दिवसाची. पाचव्या दिवसाची?”

“पाचव्या दिवसाची नाही.”

“का?”

“हा रंग चढवायचा तर पिल्लू मारावं लागतं, बाई. फॉर्मॅलिनमध्ये टाकलं, की मग पुढे सगळं.”

“सगळीच टाकलीस?”

“सगळी.”

“इतक्या वाट्या घातल्यास… त्यातली एकही तशीच ठेवावी वाटली नाही?”

“कशासाठी? उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.  मग उठून हात धुतले, पदराला पुसले, आणि मायक्रोस्कोपखाली पहिली वाटी सरकवली.

नीलांबरीला वाटलं, आता चिमटा मागतील, सुई मागतील.

बाईंनी कपाळावरचा एक पांढरा केस उपटला. दोन बोटांत धरून त्याचं टोक पाण्यात सोडलं, आणि एका पिल्लाच्या शेपटीला लावलं. हळूच. झोपलेल्या बाळाच्या पायाला आई बोट लावते तसं.

साधं पिल्लू जरासं वळवळलं.

दुसऱ्या वाटीतलं पिल्लू केस लागताच उसळलं आणि काठापर्यंत गेलं.

“पाहिलंत!” नीलांबरी ओरडलीच. “माझं केवढं हुशार!”

“पाहिलं,” बाई म्हणाल्या. “जा, पाय धुऊन घे, चहा टाकते.”

ती पाय धुऊन आली, तेव्हा दोन्ही वाट्यांवरचं नाव झाकलेलं होतं. वर कागदाचे दोन चतकोर होते, भाताच्या शितानं चिकटवलेले. वाट्या जागेवरून हललेल्या होत्या.

“हे काय, बाई? आता कुठली कुठली ते कसं कळायचं?”

“नाही कळायचं.”

“पण मला संध्याकाळी…”

“सोमवारी सकाळी ही पाच दिवसांची होतील,” बाई म्हणाल्या. “तोवर राहा. मीही पाहिलेलं नाही. पाठमोरी होऊन फिरवल्यात.”

नीलांबरीला राग आला. तिच्यापुढे सभागृहं उभी राहत होती आणि ही बाई तिला एम.एस्सी.च्या मुलीसारखी बसवत होती. पण तीस वर्षांत एकदाही या बाईंना ‘नाही’ म्हणायला तिला जमलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भीती कसली होती? उत्तर तिला माहीत होतं. राहावं, म्हातारीचं मन राखावं.

थर्मोकोलच्या खोक्यात चाळीसचा बल्ब लावून बाईंनी वाट्यांना ऊब दिली.

शनिवारी दोन्ही वाट्यांतली पिल्लं सारखीच उसळली. केसाचं टोक लागायचा अवकाश.

“साधी आता पोचली माझ्यांच्या बरोबरीला,” नीलांबरी म्हणाली. “उशिरा का होईना.”

“हं.”

दुपारी जेवणं झाली. बाईंचं एकभुक्त, नीलांबरीला मात्र आग्रहानं दोनदा वाढलेलं. पान खाता खाता तिनं पर्समधून एक पत्र काढलं. अशी पत्रं तिला येत, आणि ती मिरवायला तिला आवडे. पण वाईट अर्थानं नव्हे हं, आपल्या कामाचं कुणाला तरी सुख होतंय असं तिला वाटे.

“जतची बाई आहे, सुगंधा माने. मुलगी अडीच वर्षांची, ईश्वरी. अजून चालत नाही, मान नीट धरत नाही. वर्तमानपत्र वाचून लिहिलं, ‘ताई, माझ्या पोरीचा ब्रेक काढता येईल का?’ मी कळवलं, धीर धरा, लवकरच. तर हे तिचं दुसरं पत्र. किती आभार मानलेत बघा.”

बाईंनी चष्मा लावला. पत्र वाचलं. उलटलं. मागची बाजूही वाचली.

“शेवटची ओळ वाचलीस?”

“नाही… आभारच असणार ना.”

बाईंनी वाचून दाखवली. “‘तुमचं औषध येणारच म्हटल्यावर पोरीला व्यायामाला न्यायचं बंद केलं आहे. सांगलीला जायचं म्हणजे दिवस जातो, शिवाय ती लई रडते. तुम्ही म्हणालात धीर धरा, तर धीर धरला आहे.’”

पानाचा रस नीलांबरीच्या तोंडात तसाच राहिला.

“तारीख?” ती म्हणाली.

“तीन महिन्यांपूर्वीची. खाली फोन नंबर आहे.”

“…मी करते फोन. सोमवारी करते. निबंध गेला, की चांगली बातमीच देता येईल. व्यायाम थांबला तर थांबला थोडे दिवस, बाई. एकदा हे खरं ठरलं, की…”

“ठरलं, की.”

“ठरलेलंच आहे!”

बाईंनी पत्राची घडी घातली, होती तशी, आणि तिच्या मांडीवर ठेवली.

त्या दुपारी नीलांबरी आडवी झाली, पण डोळा लागला नाही. मान नीट धरत नाही. अडीच वर्षांची. हे शब्द तिनं आधीही वाचले होते. मग आत्ताच असे का टोचत होते, कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी ती आपली आपण उठली आणि आंघोळ करून वाट्यांपुढे बसली. बाई तुळशीला पाणी घालत होत्या. बोलावलं नाही, विचारलं नाही. येऊन शेजारी बसल्या.

डावीकडच्या वाटीत पिल्लांची लगबग होती. केस पाण्याला लागायच्या आत ती पळत होती. उजवीकडची… पळत होती. पण एक वेढा घेऊन थांबत होती. पुन्हा केस लावला, की पुन्हा एक वेढा.

“ही साधी,” नीलांबरीनं उजवीकडे बोट दाखवलं. “मागे पडायला लागली बघा.”

बाई गप्प.

“डावीकडची माझी. दिसतंच आहे.”

“हं…”

“तुम्ही काहीच बोलत नाही, बाई.”

“बघतेय.”

दिवसभर नीलांबरी पुन्हा पुन्हा त्या खोक्यापाशी जात राहिली. जसजसा दिवस गेला, तसतसं तिला एक वेगळंच वाटायला लागलं. तिनं हजारो पिल्लं मोजली होती, मोजून घेतली होती. पण एखादं पिल्लू चार तास पाहिलं असं कधी झालं होतं? उजवीकडच्या वाटीत एक होतं, काठाशी टेकून राहायचं. डोळे काळेभोर. पारदर्शक अंगातून हृदय दिसायचं, टुकटुक, टुकटुक. ते हलत नव्हतं, पण हलायचं त्याच्या मनात आहे असं तिला वाटायचं. एकदा तिनं त्याला उगीच म्हटलं, “हल की रे जरा.” आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे पाहिलं.

बाई मागेच होत्या. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. वयच झालंय, असं दाखवलं.

सोमवार उजाडला. पाचवा दिवस.

डावीकडच्या वाटीत पिल्लं आता पिल्लं राहिली नव्हती, मासेच झाले होते. बोटभर पाण्यात सुळकन इकडे, सुळकन तिकडे. बाईंची सावली पडली तरी पांगत होती.

उजवीकडची कुशीवर पडली होती. हृदयं चालू होती. सगळ्यांची. केस लावला. एकाचं शेपूट जरा थरथरलं. बाकीची नुसतीच पडून राहिली.

नीलांबरीचा चेहरा उतरला, पण पुढच्याच क्षणी तिनं स्वतःला सावरलं.

“पाणी बिघडलं, बाई. साध्यांच्या वाटीत काहीतरी गेलं. शीत गेलं असेल भाताचं.”

“असेल.”

“एरवी साधी पिल्लं अशी होत नाहीत. वीस वर्षं पाहतेय मी. पाचव्या दिवशी ती…”

ती बोलता बोलता थांबली.

पाचव्या दिवशी साधी पिल्लं कशी असतात, हे तिनं पाहिलेलं होतं. वीस वर्षांपूर्वी नव्हे, तीस वर्षांपूर्वी. खिडकीतल्या हंड्यांत, पहिल्या उजेडात. सुळकन इकडे, सुळकन तिकडे…

बाईंनी वाटीतल्या पाण्याचं एक बोट घेऊन उजवीकडच्या कागदाच्या कडेवर लावलं. शीत भिजलं. कागदाचा कोपरा सुटला.

पुढचं त्यांनी केलं नाही. हात मागे घेतला.

नीलांबरीनं कागद उचलला.

खाली तिचंच अक्षर होतं. तिची वाटी.

देवळात कुणीतरी आरतीची झांज उचलून परत ठेवली. खोलीत एवढाच आवाज.

“दुसऱ्या दिवशी दीडपट होत्या, बाई…” ती म्हणाली. “मी स्वतः… खोट्या नव्हत्या त्या.”

“नव्हत्याच. मीही पाहिलं, कसं उसळलं होतं.”

“म्हणजे सगळ्या कोवळ्या पेशी घाईनं नसपेशी होऊन बसल्या. मागे वाढायला… कुणी उरलंच नाही. पाच दिवसांच्या मेंदूला जेवढं लागतं, तेवढं आणायचं कुठून?” ती स्वतःशीच बोलत होती. “ब्रेक नव्हता तो. ते एन्झाइम त्या प्रथिनाला दारातून परत पाठवत होतं. अजून नको म्हणत होतं. आणि मी…”

बाई डावीकडच्या वाटीत पाहत होत्या.

“वीस वर्षं त्याच्या मागे होतीस,” त्या म्हणाल्या. “आज भेटलं.”

नीलांबरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. इतक्यात फोन वाजला. प्रयोगशाळेतून होता. निबंध तयार आहे मॅडम, पाठवून देऊ ना?

“नाही,” ती म्हणाली. “पाठवू नका. आणि ऐका, आजपासून घालाल त्या प्रत्येक वाटीतली थोडी पिल्लं तशीच ठेवा. पाचव्या दिवसापर्यंत. हो, जिवंत… कशाला म्हणजे? बघायला.”

फोन ठेवून तिनं पर्समधलं पत्र काढलं. नंबर लावला.

“सुगंधाताई? मी पुण्याची, घोरपडे… हो हो, तीच. बऱ्या आहात ना?… नाही, औषध नाही आलं. ऐका, ईश्वरीला परत व्यायामाला न्यायला लागा. आजच गाडी मिळत असेल तर आजच… रडू दे. रडली तरी न्या.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. हळू आवाजात. नीलांबरीनं डोळे मिटले.

“ते माझं चुकलं, ताई. ब्रेक काढून काही होत नाही. उलट… मी येते. तुमच्या घरी येते. समोर बसून सांगते सगळं.”

 सुगंधा म्हणाली, आणि फोन एवढा मोठ्यानं बोलत होता, की राजोपाध्येबाईंनाही ऐकू आलं, “या. जेवायलाच या. पोरगी लोकांत रमते.”

नीलांबरीनं फोन खाली ठेवला. 

बाईंनी उठून चहा टाकला. आलं किसलं. दोन कप भरून आणले. एक तिच्यापुढे ठेवला.

“राहवत नाही, बाई,” ती म्हणाली. “तीन महिने गेले त्या पोरीचे. माझ्या एका शब्दानं.”

“गेले,” बाई म्हणाल्या. त्यांनी ते कमी करून सांगितलं नाही. “पोर मात्र अडीचच वर्षांची आहे.”

“साताऱ्याहून दुपारची गाडी असेल.”

“आहे. मिरजेला बदल. डब्यात मेथीचे पराठे देते.”

नीलांबरीनं चहाचा घोट घेतला. 

“तिला सांगू काय, बाई? त्या माउलीनं माझ्या भरवशावर… कुठल्या तोंडानं जाऊ? सुरुवात तरी कुठून करू? तुम्हीच सांगा ना काहीतरी.”

बाई हसल्या. अगदी थोडं.

“तीन दिवसांत मी तुला काय सांगितलं?”

नीलांबरीनं आठवून पाहिलं.

“…काहीच नाही.”

बाईंनी दोघींचे कप उचलले. मोरीकडे जाता जाता दारात थांबल्या.

“मी बसले ना तुझ्याशेजारी? तशी तू जाऊन बस तिच्याशेजारी.”